कशासाठी हवं इंग्रजी, ते आधी लिहून काढा

प्रवेश झाले, हॉस्टेलच्या खोल्या मिळाल्या, की पहिल्याच महिन्यात मराठी माध्यमातून आलेली मुलं दबक्या आवाजात एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, इंग्रजीसाठी कोणतं ॲप चांगलं?" अभियांत्रिकीच्या मुलांना इंग्रजी शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आता निवृत्त आहे, पण शेजारपाजारची, नात्यागोत्यातली मुलं अजून येतात आणि प्रश्न तोच असतो. पूर्वी ॲपच्या जागी पुस्तक असायचं, घरोघरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला निघायची, एवढाच फरक. माझं उत्तरही बदललेलं नाही. कशासाठी हवं आहे ते सांगा, मग बघू.

मुलं बुचकळ्यात पडतात. इंग्रजी म्हणजे इंग्रजी, त्यात कशासाठी काय? पण इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या जगात या एका प्रश्नावर मोठा अभ्यास झालेला आहे. टॉम हचिन्सन आणि ॲलन वॉटर्स या दोघांनी 1987 साली विशिष्ट कामासाठी लागणाऱ्या इंग्रजीवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी शिकणाऱ्याच्या गरजेचे तीन भाग पाडले. कामाला काय लागतंच, त्यातलं आपल्याला काय येत नाही, आणि आपल्याला मनातून काय शिकावंसं वाटतं. तिसऱ्या खान्यात आमची सगळी मुलं एकच गोष्ट लिहितात: फाडफाड बोलता यावं. ऑनलाइन कोर्स विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे, त्यामुळे त्यांच्या जाहिराती त्याच खान्यावर बेतलेल्या असतात. पहिले दोन खाने भरायचं काम तुमचं तुम्हालाच करावं लागतं.

तेव्हा मोबाइल बाजूला ठेवा, वही घ्या आणि गेल्या आठवड्यात इंग्रजी कुठं कुठं आडवं आलं ते लिहा. वर्गात सर बोलले ते निम्मं कळलं नाही. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये निष्कर्ष लिहिता आला नाही, म्हणून सिनिअरचा उतरवला. व्हायव्हात उत्तर येत होतं, पण वाक्य जुळेना. एचओडींना मेल पाठवायचा होता, तो मित्राकडून लिहून घेतला. अशी यादी झाली की तुमच्या लक्षात येईल, यातल्या कुठल्याच गोष्टीला फाडफाड बोलणं लागत नाही. वाचणं, ऐकणं, थोडं लिहिणं आणि मोजकं, नेमकं बोलणं लागतं. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांची यादी वेगळी निघेल, कॉम्प्युटरवाल्यांची सिव्हिलवाल्यांपेक्षा वेगळी निघेल. निघू द्या. मित्राची यादी उतरवू नका.

आता वाचनाचं बोलतो. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मुलांचं लक्ष बोलण्याकडे असतं आणि मार्क मात्र वाचण्यात जातात.

तांत्रिक इंग्रजीतलं वाक्य कळत नाही तेव्हा मुलं अवघड शब्द शोधायला धावतात. बहुतेक वेळा अडचण शब्दात नसते, रचनेत असते. मराठीत क्रियापद शेवटी येतं, वाक्य संपेपर्यंत थांबलं की ते हाती लागतं. इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग येतं, पण तांत्रिक लिखाणात कर्ताच दीड ओळीचा असतो. हे वाक्य बघा: 'द मॅक्सिमम स्ट्रेस डेव्हलप्ड ॲट द फिलेट ऑफ द स्टेप्ड शाफ्ट एक्सीड्स द परमिसिबल व्हॅल्यू.' दहातली निम्मी मुलं 'डेव्हलप्ड'ला क्रियापद समजतात आणि पुढं 'एक्सीड्स' आलं की अडखळतात. 'डेव्हलप्ड' इथं विशेषणाचं काम करतंय. फिलेटपाशी निर्माण झालेला जास्तीत जास्त स्ट्रेस, हा झाला कर्ता. तो मर्यादा ओलांडतो, हे झालं वाक्य. पीडीएफ वाचताना खरं क्रियापद शोधून त्याखाली रेघ मारायची, बाकी सगळं नंतर. पहिल्या काही पानांना वेळ लागेल, मग रेघ मारायची गरज उरणार नाही.

दुसरी अडचण नामांच्या माळेची. 'बॉयलर फीड वॉटर पंप बेअरिंग टेम्परेचर सेन्सर' असे सात शब्द ओळीने उभे असतात, मध्ये ना प्रत्यय ना शब्दयोगी अव्यय. ही माळ शेवटाकडून वाचायची. काय आहे? सेन्सर. कशाचा? टेम्परेचरचा. कशाच्या टेम्परेचरचा? बेअरिंगच्या. कुठल्या बेअरिंगच्या? बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या पंपाच्या. दहावीला तत्पुरुष समासाचा विग्रह केला होतात ना, तोच इथं कामाला येतो. मराठी माध्यमाच्या मुलांनी निदान या बाबतीत तरी न्यूनगंड बाळगू नये. विग्रह करायची सवय तुम्हाला आहे, कॉन्व्हेंटवाल्यांना ती नव्याने लावून घ्यावी लागते.

शब्दांचं म्हणाल, तर अवघड तांत्रिक शब्दांची काळजी करू नका. ते तुमच्या विषयातच शिकवले जातात, वर्षाअखेरीस आपोआप तोंडात बसतात. खरा त्रास देतात ते मधले शब्द, जे तांत्रिकही नाहीत आणि घरगुतीही नाहीत. न्यूझीलंडमधल्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली अशा 570 शब्दकुलांची यादी प्रसिद्ध केली, तिला 'अकॅडेमिक वर्ड लिस्ट' म्हणतात आणि ती इंटरनेटवर फुकट मिळते. त्यांनी अभ्यासलेल्या मजकुरात कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान होतं, अभियांत्रिकी स्वतंत्र नव्हती. तरीही 'डिराइव्ह', 'अझ्यूम', 'जस्टिफाय', 'इलस्ट्रेट', 'हेन्स', 'व्हेअरॲज' हे सगळे त्यात सापडतील, आणि हेच तुमच्या प्रश्नपत्रिकेत बसलेले असतात. 'जस्टिफाय' विचारलं असताना नुसतं वर्णन लिहून येणारी मुलं मी पोत्याने पाहिली आहेत. रोज पाच शब्द घ्या. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या ऑनलाइन शिकाऊ शब्दकोशात अर्थ बघा, उच्चाराचं बटण दाबून ऐका, आणि त्या शब्दाचं एक वाक्य स्वतःच्या विषयातलं लिहा. शब्दकोशातलं उदाहरण उतरवून घेतलं तर उपयोग शून्य.

सिव्हिलच्या मुलांना एक गोष्ट वेगळी सांगतो, बाकीच्यांनीही ऐकावी. आयएस 456 सारखं मानक हातात आलं की त्यातल्या 'शॅल', 'शुड' आणि 'मे' या तीन क्रियापदांवर नजर ठेवा. 'शॅल' म्हणजे केलंच पाहिजे, 'शुड' म्हणजे करावं अशी शिफारस, 'मे' म्हणजे करायला परवानगी आहे. शाळेत या तिघांचे अर्थ जवळजवळ एकच सांगितले जातात. साइटवर 'शॅल'चं 'शुड' झालं, तर जे करणं बंधनकारक होतं ते ऐच्छिक ठरतं.

वाचताना गूगल ट्रान्सलेटमध्ये अख्खं पान टाकू नका. एखादं वाक्य टाका, आधी स्वतः अर्थ लावून मगच टाका, आणि दोन्ही ताडून बघा.

ऐकण्यासाठी एनपीटीईएलसारखं दुसरं साधन नाही. 2003 साली सात आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीनं मिळून हा ऑनलाइन व्याख्यानांचा उपक्रम सुरू केला. मुलं तिथं 'सॉफ्ट स्किल्स' आणि 'टेक्निकल इंग्लिश'चे कोर्स शोधतात, ते आहेतही आणि चांगले आहेत. पण माझा सल्ला असा, की इंग्रजी ऐकायला स्वतःच्या शाखेचंच व्याख्यान घ्या. या आठवड्यात वर्गात थर्मोडायनॅमिक्सचा जो भाग चाललाय, नेमका तोच. विषय अर्धा ठाऊक असला की कान भाषेकडे मोकळे राहतात. आधी दहा मिनिटं कॅप्शन बंद ठेवून ऐका. मग त्याच व्याख्यानाची लिखित प्रत उतरवून घ्या, ती पीडीएफमध्ये मिळते, आणि तीच दहा मिनिटं कागद समोर ठेवून पुन्हा ऐका. जिथं कान चुकला तिथं खूण करा. वेग फार वाटला तर यूट्यूबच्या सेटिंगमध्ये 0.75 करा, पण आठवडाभराने पुन्हा पूर्ववत आणा. यूट्यूबच्या आपोआप येणाऱ्या कॅप्शनवर फार विसंबू नका, भारतीय उच्चारांची आणि समीकरणांची ती अनेकदा भलतीच अक्षरं करतात.

बोलणारा नेमकं काय करतोय हे सांगणारे छोटे शब्द पकडायला शिका. 'नोट दॅट' आलं की पेन उचलायचं. 'दॅट इज टू से' आलं की आधीचंच सोपं करून सांगणार. 'ऑन द अदर हँड' आलं की बाजू बदलणार. हे कळलं की मधली दोन वाक्यं निसटली तरी धागा सुटत नाही.

कोणी म्हणेल, त्या प्राध्यापकांचे उच्चार तमिळ किंवा बंगाली वळणाचे असतात, त्यापेक्षा बीबीसी ऐकावं. बीबीसीचं 'सिक्स मिनिट इंग्लिश' जरूर ऐका, जेवताना ऐकायला छान आहे. पण उद्या चाकणच्या कारखान्यात किंवा हिंजवडीच्या कंपनीत तुमचा वरिष्ठ चेन्नईचा असेल, ग्राहक जर्मन किंवा जपानी असेल. ही सगळी माणसं आपापल्या वळणानेच इंग्रजी बोलतात आणि त्यांची कामं उत्तम चालतात. आयआयटीतलं व्याख्यान ही त्याची चांगली पूर्वतयारी आहे.

डेटाचं रडगाणंही मला माहीत आहे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये कोकणातली मुलं रेंजसाठी डोंगरावर जाऊन बसत होती, आजही सगळीकडे सुकाळ नाही. व्याख्यानाच्या लिखित प्रतीला व्हिडिओच्या मानाने नखभर डेटा लागतो. कॉलेजच्या वायफायवर व्हिडिओ उतरवून ठेवा, गावी गेल्यावर बघा. ऐकायचंच असेल तर कमीत कमी दर्जाचं चित्र चालतं, फळा वाचायचा असेल तेवढा वेळ दर्जा वाढवा.

आता बोलणं. इथं ऑनलाइन साधनं फार पुढं नेत नाहीत, हे मी स्पष्ट सांगतो. व्हिडिओ बघून बोलायला येत नाही. पोहण्याचे व्हिडिओ बघून विहिरीत उडी मारणाऱ्याचं जे होतं, तेच मुलाखतीत होतं. तोंड उघडावं लागतं, आणि समोर माणूस लागतो. त्यासाठी तिघं जमा, वर्गातलेच, तुमच्याइतकीच भीती असलेले. झूमच्या फुकट खात्यावर मीटिंग 40 मिनिटांनी बंद पडते. उत्तम आहे, त्याहून जास्त बोलूही नये. प्रत्येकाने उद्याच्या प्रॅक्टिकलवरचे प्रश्न बाकीच्यांना विचारायचे आणि उत्तर तीन वाक्यांत द्यायचं: ही गोष्ट काय आहे, कशासाठी वापरतात, कुठं पाहिली. तीनच वाक्यं, पण पूर्ण वाक्यं. चूक झाली की मध्ये तोडायचं नाही, लिहून ठेवायचं आणि शेवटी सांगायचं. मराठीत घसरलात तर घसरा, पुन्हा इंग्रजीवर या. सिनिअर किंवा फार छान बोलणारा मित्र या तिघांत घेऊ नका. तो एकटाच बोलत बसेल.

व्हायव्हासाठी दोन वाक्यं पाठच करा. एक, 'कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन, सर?' दुसरं, 'आय ॲम नॉट शुअर, बट आय थिंक...' पहिल्याने विचार करायला पाच-दहा सेकंद मिळतात, दुसऱ्याने अर्धं माहीत असलेलं उत्तर सांगायची वाट मोकळी होते. गप्प उभं राहणाऱ्यापेक्षा चाचरत सांगणाऱ्याला परीक्षक मार्क देतो, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून सांगतोय.

उच्चारांची फार चिकित्सा करू नका, पण तुमच्याच विषयातले शब्द चुकू देऊ नका. 'गेज'ला 'गॉज' म्हणू नका, 'शॅसी'ला 'चेसिस' म्हणू नका, 'हाइट'ला 'हेट' म्हणू नका. गणितातला तो ऑयलर आहे, युलर नव्हे. मराठीत आपण प्रत्येक अक्षरावर साधारण सारखाच जोर देतो, इंग्रजीत तो एका ठिकाणी पडतो. 'इक्विपमेंट'मध्ये 'क्विप'वर, 'कंपोनंट'मध्ये 'पो'वर, 'डेव्हलप'मध्ये मधल्या 'व्हे'वर. इलेक्ट्रिकलच्या मुलांनी 'व्होल्ट' आणि 'वॉट' आरशासमोर म्हणून बघावेत. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठ गोल होतात. आपल्याकडे दोन्हींना एकच 'व' पुरतो, म्हणून हे मुद्दाम करावं लागतं. फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. पहिल्यांदा लाज वाटते. वाटू द्या.

तिघांची मंडळी सरावली की टोस्टमास्टर्सच्या एखाद्या सभेला पाहुणे म्हणून जाऊन बघा. 1924 साली अमेरिकेत सुरू झालेली ही भाषणकलेची संस्था आहे, पुण्या-मुंबईत तिचे अनेक क्लब आहेत, काहींच्या सभा ऑनलाइनही होतात. पाहुण्याला तिथं सहसा पैसे पडत नाहीत. आधी नुसते ऐका.

लिहिण्याबद्दल थोडक्यात. जर्नलमध्ये तुम्ही काय केलंत ते भूतकाळात आणि कर्मणीत लिहा: 'द स्पेसिमेन वॉज हीटेड.' रीडिंगमधून काय दिसतं ते वर्तमानकाळात. एवढं एक सांभाळलं तरी जर्नल ऐटदार दिसतं. मराठीत 'अ', 'ॲन', 'द' नसल्यामुळे आपण ते विसरतोच, म्हणून लिहून झाल्यावर एक फेरी फक्त त्यांच्यासाठी मारा. मेलचा विषय कोरा सोडू नका. रोल नंबर, वर्ग आणि काम, तिन्ही त्या एका ओळीत यायला हवं. फाइलला 'फायनल टू न्यू' असली नावं देऊ नका.

एआयबद्दल विचारलंत तर वापरा म्हणेन, पण क्रम पाळा. आधी परिच्छेद तुम्ही लिहा. मग त्याला सांगा, दुरुस्त करू नकोस, चुका फक्त दाखव आणि कारण सांग. दुरुस्ती तुम्ही करा. व्हायव्हाचे प्रश्न विचारायलाही त्याला सांगता येतं, तिघांपैकी कोणी नसेल त्या रात्री ते बरं पडतं. आकडे, सूत्रं आणि संदर्भ मात्र त्याच्याकडून घेऊ नका. नसलेला संदर्भही ते छातीठोकपणे देतं आणि तो तुमच्या रिपोर्टमध्ये जाऊन बसतो.

राहिली मराठी माध्यमाची गोष्ट. 2021 साली एआयसीटीईनं मराठीसह पाच भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला काही कॉलेजांना परवानगी दिली, एनपीटीईएलच्या काही विषयांच्या लिखित प्रती मराठीतही मिळतात, आणि राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन बघता येतात. हे सगळं निःसंकोच वापरा. संकल्पना आधी मराठीत पक्की करून मग तीच इंग्रजीत वाचली तर वेळ वाचतो. वर्गात शेजारचा काय म्हणेल म्हणून अर्धवट कळलेलं इंग्रजीच घोकत बसणं हा शुद्ध वेडेपणा आहे. पण मराठीवर थांबूही नका. एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या 'गेट' परीक्षेचा पेपर इंग्रजीतच असतो, त्यात 100 पैकी 15 मार्क सामान्य अभिक्षमतेला असतात आणि त्यात इंग्रजी भाषेचे प्रश्न येतात. डेटाशीट, मानकं, सॉफ्टवेअरची मदतपुस्तिका, कंपनीचा मेल, सगळं इंग्रजीतच येणार आहे.

टाळायच्या गोष्टींत वेळ घालवत नाही. तीस दिवसांत इंग्रजी, परदेशी उच्चार, काळांचे पुन्हा पुन्हा तेच व्हिडिओ, रोज आपोआप येणारा 'आजचा शब्द' आणि शंभर जणांचा इंग्रजी सरावाचा व्हॉट्सॲप ग्रुप. शेवटच्यात दोन आठवड्यांनी फक्त 'गुड मॉर्निंग' उरतं.

आणि पैशांचं. वडिलांनी शेतीच्या किंवा नोकरीच्या पैशांतून फी भरलेली असते, त्यात इंग्रजीच्या कोर्सचे वरचे हजारो रुपये कशाला? एनपीटीईएलवर नाव नोंदवायला, व्याख्यानं ऐकायला आणि स्वाध्याय सोडवायला काही पडत नाही. प्रमाणपत्र हवं असेल तरच केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. तिची फी एका विषयाला साधारण हजार रुपये असते. मार्क 25 स्वाध्यायांचे, 75 परीक्षेचे. शब्दकोश फुकट, 40 मिनिटांची मीटिंग फुकट, कॉलेजचं ग्रंथालय फीमध्येच. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला इंग्रजीसाठी याहून जास्त काही विकत घ्यायची गरज नाही.